चिंचोक्यांची पिशवी

मी पिशवी आहे. रिकामी दिसतेय म्हणून घडी घालून बाजूला सारू नका. मला बोलायचंय, आणि सगळं सांगून झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म भवानीनगरला, साखर कारखान्याच्या कामगार चाळीत झाला. जयवंता बॉयलरवर फायरमन होता. त्याच्या खाकी पँटीला गुडघ्यावर ठिणग्यांनी भोकं पडली, तेव्हा त्याच्या बायकोनं, तुळसानं, धड राहिलेलं कापड कापून मला शिवलं. तुळसाच्या घरात काही टाकून द्यायची पद्धतच नव्हती. माझं तोंड आवळायला नाडी हवी होती, ती तिनं जुन्या परकराची ओवली. चिंचेखालच्या मंडळींना ही गोष्ट आजतागायत ठाऊक नाही. ठाऊक असती तर त्यांनी मला हातही लावला नसता.

चिंचेखालची मंडळी म्हणजे तीन पत्ती खेळणारे. चाळीच्या मागं एक थोराड चिंच आहे. उसाचं गाळप संपलं, की कारखान्यात दुरुस्तीची कामं तेवढी उरतात आणि दुपारनंतर माणसं मोकळी होतात. मग चिंचेखाली घोंगडं पडायचं. पैशांवर खेळायचं नाही, चिंचोक्यांवर खेळायचं, हा पहिल्यापासूनचा शिरस्ता. खेळाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला पेल्यानं मापून सारखे चिंचोके मिळत आणि ते ज्यानं त्यानं आपापल्या पिशवीत ठेवायचे. तीन-तीन पानं वाटायची, चिंचोके लावत चाल वाढवायची, ज्याला दम नाही त्यानं पानं टाकून ‘पॅक’ म्हणायचं. शेवटी दोघं उरले की पानं उघडायची; ज्याचं पान मोठं, त्याचा सगळा ढीग. खेळ एवढाच. पण माणूस आतून कसा आहे ते त्या ढिगासमोर कळतं.

जयवंता माणूस सोन्यासारखा आणि खेळाडू अगदीच सुमार. दर पावसाळ्यात दोनदा तरी त्याचे सगळे चिंचोके झाडून जायचे आणि मी सपाट व्हायचे. मग जोतीराम तात्या हसत म्हणायचे, “आरं, वरचं झाड काय कुनाच्या बापाचं हाय का?” जयवंताही हसायचा आणि खाली पडलेले चिंचोके ओंजळीनं माझ्यात भरायचा. खेळ पुढं सुरू व्हायचा. हे जरा ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा राग ह्याच गोष्टीवर आहे.

कारखान्यात एक चाल आहे, नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या जागी घरातलं कोणीतरी लागतं. आमच्या लोकांनी ती चाल उचलून पत्त्यांतही आणली होती. बाप निवृत्त झाला की घोंगड्यावरची त्याची जागा मुलाला मिळे, काका गेला की पुतण्याला. संघपाल कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, पण चिंचेखाली तो बसायचा वडिलांच्या जागेवर. धोंडीबा बसायचा चुलत्याच्या जागेवर. कागद नाही, सही नाही. पिशवी ज्याच्या हाती, जागा त्याची. जगात दुसरीकडं कुठं पत्त्यांचा वारसा चालत असेल असं मला वाटत नाही, पण आमच्याकडं तो कोर्टातल्यापेक्षा कडक चालायचा.

जयवंता काविळीनं गेला. नोकरी तुळसाला लागली, कँटीनमध्ये. तिचा दीर भीमा त्या नोकरीवर डोळा ठेवून होता. बाईमाणसाला काय करायचीय कारखान्याची नोकरी, असं तो चार जणांत बोलून दाखवायचा. नोकरी हुकली तेव्हा तो माझ्यासाठी आला. निदान चिंचेखालची जागा तरी आपल्याला मिळावी, असं त्याचं म्हणणं पडलं. तुळसानं मला खुंटीवरून काढलं, कमरेला खोचलं आणि स्वतःच चिंचेकडं निघाली. ही ह्याच सालच्या, चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट.

तिला येताना पाहून पत्ते वाटणं थांबलं. जोतीराम तात्या ऊस गाळायच्या मिलकडचे फिटर, पत्त्यांत सगळ्यांचे गुरू. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ही बाप्यांची बसायची जागा हाय.

“नोकरीला चालते, मग पत्त्याला का चालत न्हाय?” तुळसा म्हणाली आणि घोंगड्याच्या कडेला बसली. मांडी घालून बसली, पाय दुमडून नव्हे.

उत्तर सुचलं नाही की माणूस नियम काढतो. तात्यांनीही काढला. बसायचं तर बसा, पण पिशवी रिकामी झाली की जागा सुटली, मग तिथं भीमा बसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. वजनकाट्यावरचा सिद्धू तर हसलासुद्धा. मी तुळसाच्या कमरेला जळफळत होते. जयवंताच्या वेळी कुठं होता हा नियम? माझ्या पोटात ओंजळी ओंजळीनं फुकटचे चिंचोके भरले जात होते तेव्हा कुठं गेला होता? पण पिशवीला कोण विचारतो! तुळसा फक्त “चालंल” म्हणाली.

तिला खेळता येत नव्हतं, हे उघडच होतं. तिची पहिली चूक तिच्या संसारातून आलेली. आयुष्यभर जिनं भाताची पेज आणि साडीचा काठ टाकला नाही, ती हातात आलेली पानं कशी टाकणार? दुर्री, पंजी, नव्वी असा कचरा आला तरी ती शेवटपर्यंत धरून बसायची. ‘पॅक’ हा शब्द तिच्या तोंडातून निघायचाच नाही. मंडळींना आयतं सापडलं. मावशी दानधर्म करत्यात, असं सिद्धू रोज म्हणायचा आणि चिंचोके आपल्याकडं ओढायचा. भीमा चिंचेच्या मुळीवर बसून माझ्याकडं बघत असायचा. मी किती खपाटीला गेले ते तो नजरेनं मोजायचा.

दुसरी चूक त्याहून वाईट. एका दुपारी तिला राजांची जोडी आली. चांगलं पान. तिनं ते चांगलं खेळलं, आणि सिद्धूनं शेवटी एक्क्यांची जोडी टाकली. त्याच्यानंतर तिचा तोल गेला. पानं न बघता, म्हणजे आमच्या भाषेत आंधळी, ती खेळत सुटली. गेलेलं आत्ताच्या आत्ता परत पाहिजे, असं तिच्या हाताला झालं होतं. मला तो हात माझ्यात शिरताना कळायचा. ती उठली तेव्हा मी निम्म्याहून जास्त रिकामी होते.

त्या संध्याकाळी नळावर बायकांनी तिला ऐकवलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि ही पत्ते कुटतेय. घरी येऊन ती चुलीपुढं बसून रडली. मला वाईट वाटलं आणि तिचा रागही आला. बाई गं, रडायचं असेल तर रड, पण मला त्या भीमाच्या हातात जाऊ देऊ नकोस, असं मला ओरडून सांगायचं होतं. माझी जागा तिच्या कमरेला होती. ती घोंगड्यावरून उठली असती, तर दुसऱ्या दिवशी कँटीनपर्यंत बोललं गेलं असतं, की बाईला पत्ते झेपले नाहीत, नोकरी काय झेपणार. भीमा तेवढ्यासाठीच तर मुळीवर बसून होता.

दुसऱ्या दिवशी संघपाल कँटीनमध्ये चहाला आला. “जयभीम मावशी,” म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. एरवी तो कमी बोलायचा. तिचा चेहरा बघून त्याला राहवलं नसावं.

“आमी ल्याबमदी एका उसाचा रस काढून उतारा सांगत न्हाय,” तो म्हणाला. “एखादा ऊस वाळका निघतो, एखादा रसाळ. दिवसभर नमुने घ्यायचे, हंगामभर घ्यायचे, मग कळतं साखर किती. तुमी एका दुपारवर हिशोब लावून रडताय.”

तुळसा भाजी निवडत होती. पुढ्यात वांग्यांची पाटी होती. ती निवडता निवडता किडकं वांगं ती बाजूला टाकत होती, आणि टाकता टाकता तिचा हात मध्येच थांबला. मी खोचलेलीच होते, मला जाणवलं. किडकं वांगं टाकताना तिला कधी जिवावर आलं नव्हतं. एक घातलं तर सगळी भाजी नासते, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग घरी तिचा अभ्यास सुरू झाला. जयवंताच्या ट्रंकेतला जुना पत्त्यांचा जोड तिनं काढला. भाकऱ्या झाल्या की जमिनीवर पाच जागी पानं वाटायची, सगळी उघडायची आणि नुसतं बघायचं. पुन्हा गोळा, पुन्हा वाटप. असं करता करता तिला एक गोष्ट कळली आणि ती एकटीच हसली. बहुतेक वेळा पाचांतल्या तीन-चार जागी कचराच असायचा. तात्यांच्या जागीसुद्धा. घोंगड्यावर तात्या ज्या रुबाबात चाल वाढवायचे, त्यातली निम्मी तरी हवा होती. ज्याच्यापुढं ती इतके दिवस दबून खेळत होती, त्याच्याकडंही बऱ्याचदा सत्ती-चौकीच होती!

तिनं मनाशी दोन नेम धरले. राग आला की एक डाव सोडायचा आणि घागरीतलं पाणी पिऊन यायचं. आणि एका दुपारी मूठभर चिंचोके गेले, की त्या दिवसापुरतं उठायचं, समोर कोणी काहीही म्हणो.

पहिल्यांदा ती ‘पॅक’ म्हणाली तेव्हा धोंडीबानं कान साफ केला. पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. चार डाव सोडायची आणि पाचव्याला अशी बसायची, की सिद्धूला घाम फुटायचा. तरी हरण्याचे दिवस आलेच. श्रावणात तर ओळीनं आले. चांगली पानं घेऊन ती हरायची, मूठ संपली की पदर झटकून उठायची. हारली की पळती, असं भीमा मुळीवरून म्हणायचा.

“पळत न्हाय, भावजी. उद्या येती,” एवढंच ती म्हणायची, आणि खरंच यायची.

हरून घरी जाताना पूर्वी ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. आता चालता चालता ती डाव आठवायची. हे पान टाकायला हवं होतं, हे बरोबर खेळले पण नशिबानं गेलं. दोन्ही हारी तिनं वेगळ्या केल्या होत्या. आपल्या चुकीच्या हारीचं तिला वाईट वाटायचं, नशिबाच्या हारीचं नाही. बाप्यांपैकी कोणालाही हे जमलं नव्हतं. सिद्धू हरला की वाटणाऱ्याला शिव्या द्यायचा, धोंडीबा जागा बदलायचा, आणि तात्या हरले की घरी जेवायचे नाहीत, असं त्यांच्याच घरून कळायचं. मी हळूहळू भरत होते. फार नाही, पहिल्या दिवशीच्या मापाच्या जवळपास आले होते. मला स्वतःचं वजन लागायला लागलं की काय सुख होतं, ते तुम्हाला कसं सांगू.

आणि मग भाद्रपदातली ती दुपार. दुपारभर पानं अशी रडकी, की तिनं जवळजवळ सगळे डाव सोडले. शेवटी तात्यांनी वाटलं. तुळसानं तीन पानं उचलली. इस्पिकची नव्वी, चौकटची दश्शी, बदामाचा गुलाम. ओळीनं तीन. असं पान दुपारभरात एकदा आलं तरी नशीब.

तात्या आंधळे खेळत होते. पानं पालथी घोंगड्यावर, हात तंबाखूत. सिद्धू पॅक, धोंडीबा पॅक, संघपाल पॅक. उरले तात्या आणि तुळसा. तात्या पानं न बघताच चाल वाढवत होते, नेहमीच्या रुबाबात. तुळसानं प्रत्येक चालीला उत्तर दिलं. मूठ गेली. तिचा नेम मूठभराचा होता, पण असलं पान हातात असताना उठणं हाही वेडेपणाच झाला असता. समोरचा आंधळा, आपलं पान असं. इथं नाही खेळायचं तर कुठं? दुसरी मूठ गेली, तिसरी गेली. मी ओणवी झाले. शेवटचे चिंचोके तिनं ढिगावर ठेवले आणि पानं दाखवायला सांगितली.

तिनं आपली पानं उघडली. सिद्धूच्या तोंडून हुंकार निघाला. तात्यांनी आपली पानं एकेक उलटली. राणी. राजा. एक्का. तीही ओळीनंच, आणि तिच्याहून मोठी. खुद्द तात्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पानं उचलून पुन्हा पाहिली.

मुळीवरचा भीमा उठून घोंगड्यापाशी आला. त्यानं हात पुढं केला. “वैनी, पिशवी.”

तुळसानं मला कमरेतून काढलं, उलटी केली, झटकली. थोडी धूळ पडली. तिनं मला पुन्हा सुलटी केली, नाडी आवळली आणि कमरेला खोचून टाकलं.

“चिंचोके तात्यांचे झाले,” ती म्हणाली. “पिशवी मी शिवलीय. ती कुनाला द्यायची न्हाय.”

“तुळसाबाई, अट ठरली हुती,” तात्या म्हणाले. आवाज नेहमीइतका मोठा नव्हता.

“ठरली हुती. आमच्या मालकाला हुती का कधी? दर पावसाळ्यात दोनदा झाडून जायचे. घरी येऊन हसत सांगायचे मला, झाडाखालचं भरून घेतलं म्हून. त्यांची जागा गेली का कधी?”

मी थक्क झाले. इतके महिने मला वाटत होतं, की हे फक्त मलाच माहीत आहे. मी आतल्या आत जळत होते आणि ही बाई सगळं जाणून निमूट खेळत होती.

“मग पयल्याच दिशी का न्हाय बोललासा?” तात्यांनी विचारलं.

“बोलले असते तर तुमी सवलत दिली असती, आन जल्मभर ऐकवली असती. मला सवलत नको हुती, खेळ शिकायचा हुता.” तिनं आपल्या उघड्या पानांकडं बोट केलं. “तुमी ह्यातले गुरू हाय. मला सांगा, आजचं पान मी चुकीचं खेळले का?”

तात्यांनी त्या नव्वी-दश्शी-गुलामावर पुन्हा नजर टाकली. खोटं बोलता आलं असतं त्यांना. पण पत्त्यांच्या बाबतीत तो माणूस खोटं बोलत नसे, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

“न्हाय,” ते म्हणाले. “मी आंधळा हुतो. तुमच्या जागी मीबी सगळं लावलं असतं.”

त्यांनी पत्ते गोळा केले, पिसले आणि वाटायला घेतले. सिद्धूपुढं तीन, धोंडीबापुढं तीन, संघपालपुढं तीन, स्वतःपुढं तीन. आणि तीन तुळसापुढं. धोंडीबानं बाजूच्या मातीतले चिंचोके ओंजळीत घेतले आणि तिच्यापुढं धरले. भीमा मात्र उभाच राहिला; त्याला बस असं कोणी म्हटलं नाही.

इतके दिवस ज्याच्यासाठी तिनं ऐकून घेतलं, ते तिच्यापुढं पालथं पडलं होतं. मला वाटलं, आता ही पानं उचलणार. तिनं ती तशीच तात्यांकडं सरकवली.

“आज न्हाय,” ती म्हणाली. “आज मी हारलेय, आन हारल्यावर उठायचं हा माझा नेम हाय. चिंचोके माझे मी येचून आणीन. उद्या वाटा.”

पदर झटकून ती उठली आणि सगळ्यांसमोरून चाळीकडं चालत गेली. मी तिच्या कमरेला अगदी रिकामी होते आणि इतकी ताठ मी भरलेली असतानाही कधी नव्हते.

हे सगळं कालचं. रात्रभर मी खुंटीवर होते. माझा तळ विरलाय, खाकी रंग उडून मातकट झालाय, नाडीला दोन गाठी आहेत. मला हरलेल्या बाईची पिशवी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मला त्याची लाज नाही. फक्त रिकामी दिसले म्हणून माझी वाटणी करू नका आणि तिच्या परवानगीशिवाय मला उचलू नका.

आता निरोप घेते. कँटीनची पाळी संपवून तुळसा आलीय, तिनं हातपाय धुतलेत, मला खुंटीवरून काढलंय. तिकडं चिंचेखाली घोंगडं झटकल्याचा आवाज येतोय. आधी झाडाखालचे चिंचोके वेचून मला पोट भरून घ्यायचंय. पानं वाटली जातील तेव्हा पाचवा वाटा आमचा आहे.